परतीचा रकाना

३ सप्टेंबर, सकाळी ६.४०

काल संध्याकाळी मिस्त्री आला आणि खुर्चीत नीट टेकायच्या आतच म्हणाला, "टायमिंग, पुढच्या महिन्यात एक दिवस द्राक्षमळ्यांकडे जाऊ. त्या वायनऱ्या आहेत ना तिकडे, ओळीने. पानं पिवळी पडली की बघण्यासारखं असतं म्हणे."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मिस्त्री म्हणजे आमच्या आगाराच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. निरोपसमारंभाच्या पार्टीतसुद्धा हा कधी सोड्यापुढे गेला नाही. म्हटलं, "तू? वायनरीत? तिथे काय पंप दुरुस्त करणार आहेस?" तो हसला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "गाडी मी चालवतो. मास्तर येईल, कंपाउंडर येईल. वेळापत्रक तू कर. ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

हे मात्र खरं. एकतीस वर्षं मी आगारात बसून गाड्यांची वेळापत्रकं केली. 'टायमिंग' हे नाव मला उगाच पडलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका छापील पत्रकात शेवटच्या फेरीची परतीची वेळ राहून गेली. गाडी गेली ती तिकडेच मुक्कामाला राहिली आणि सकाळी इकडे पन्नास माणसं खोळंबली. चूक छापखान्याची. मी हाताने लिहिलेल्या कागदावर ती वेळ होती, याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. पण खापर फुटायला एक डोकं लागतं. मुदतीच्या आधी घरी बसलो. तेव्हापासून कोणी मला काही आखायला सांगितलं नव्हतं.

बायको ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता नाक मुरडेल. ती म्हणाली, "जा की. जाऊन या."

५ सप्टेंबर, सकाळी ९.१५

मोठा कागद काढला आणि रकाने आखले. ठिकाण, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, राखीव मिनिटं, परत. राखीव मिनिटं ही माझी जुनी सवय आहे. प्रत्येक थांब्यावर चार-पाच मिनिटं कोणाला न सांगता टाकून ठेवायची. रस्त्यात काही झालं तर गाडी तरीही वेळेवर दिसते आणि आपण हुशार ठरतो.

सकाळी लवकर बसलो तर रेघा सरळ येत नाहीत. नऊनंतर येतात. हवा बदलतेय, बोटं आखडत असतील.

९ सप्टेंबर, सकाळी ९.४०

मुलीचा फोन. तिने स्वतःहून केलेला. माझी चहाची कपबशी हातातून सुटायचीच बाकी होती.

मे महिन्यानंतर ती आलेली नाही. नोकरी आहे, घर आहे, तान्हं मूल आहे, माणसाला व्याप का कमी असतात. मेमध्ये आली होती तेव्हा मी नातीला, म्हणजे आमच्या चिमणीला, कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होतो आणि पाय घसरला. फरशी ओली होती. चिमणीच्या भुवईवर दोन टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आधी मुलगीच म्हणाली, "फरशी ओली होती." मग मीही तेच सांगितलं. ओल्या फरशीवरून कोणीही घसरेल. मनाला लावून घेण्यात अर्थ नाही, असं मी मला सांगतो. बरेचदा सांगावं लागतं.

तर फोनवर ती म्हणाली, "बाबा, सहलीला जाताय असं ऐकलं."

"वाऱ्याने सांगितलं का?"

"मिस्त्रीकाकांनी. नक्की जाणार ना? ऐन वेळी मोडता घालू नका."

मी म्हटलं, मी आखलेली गाडी एकतीस वर्षांत रद्द झालेली नाही. मग मी विचारलं, चिमणी काय करते. म्हणाली, चालते. एवढंच. चिमणी चालायला लागली आणि मी पाहिलं नाही. पण आनंदही झाला. माझ्या सहलीत तिला रस आहे, हे काय थोडं झालं?

१४ सप्टेंबर

वाइनचा अभ्यास सुरू केला. नुसतं जाऊन तोंड वासून उभं राहायचं हे मला पसंत नाही. जिथे जाणार त्यांच्या तीन बाटल्या आणल्या. शास्त्र असं की आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग जिभेवर फिरवायची आणि नंतर, हे वाचून मी हातच टेकले, थुंकून टाकायची. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं म्हणे. जी गोष्ट तोंडातून बाहेरच काढायची ती आत कशाला घ्यावी?

मी काही पिणारा माणूस नाही. चाखणारा आहे. हे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण लोक दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजतात.

१७ सप्टेंबर

अभ्यास संपला. तिन्ही बाटल्या.

१९ सप्टेंबर, सकाळी १०

बायकोने काल माझं कपाट आवरलं. जुन्या वेळापत्रकांचे गठ्ठे वर्षांनुसार लावले, धूळ पुसली, वर दोऱ्या बांधल्या. मी बाहेर गेलो होतो. परत आल्यावर आधी गठ्ठ्यांच्या मागे हात घातला. माझी तिथे थोडी सोय असते, थंडीबिंडीसाठी. जिथल्या तिथे होती. तिच्या नजरेला पडली नसावी. ती तशी भोळी आहे. फक्त बाटलीवरही धूळ नव्हती, ते मला जरा चमत्कारिक वाटलं.

२४ सप्टेंबर, सकाळी ९.३०

मिस्त्रीच्या घरी सहलीची बैठक. मी वेळेवर पोहोचलो, म्हणजे सात मिनिटं आधी. जिन्यात आवाज ऐकू येत होते, मास्तर काहीतरी तावातावाने बोलत होता. मी दार ढकललं आणि तिघांच्या तोंडाला कुलूप. मास्तरने घाईने नकाशा उलगडला. तोही उलटा. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस.

कंपाउंडर औषधाच्या दुकानात काम करतो, त्यामुळे प्रत्येक माणूस त्याला गिऱ्हाईक वाटतो. मला विचारत बसला, झोप कशी लागते, भूक किती, रक्तदाबाची गोळी कोणती, सकाळी हात थरथरतात का. म्हटलं, "सहलीला नेतोयस की माझं लग्न जुळवतोयस?" मास्तर हसला, पण जरा उशिरा.

मी पत्रक वाचून दाखवलं. आठ दहाला निघायचं. फाट्यापाशी आठ पंचेचाळीस, तिथून डावीकडे. पहिली वायनरी नऊ वीस. दुसरी अकरा. मग जेवण, मग तिसरी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर म्हणाला, "फर्स्ट क्लास." वेळापत्रकांबरोबर मी इतकी वर्षं आगाराच्या चौकशीच्या खिडकीमागेही बसलो आहे. माणूस कुठेही निघालेला असो, पहिला प्रश्न परतीचा करतो. शेवटची गाडी कितीची? हे तिघं दीड तास बसले आणि एकानेही विचारलं नाही की परत कधी. शेवटी मीच म्हटलं, साडेसहाला घरी. मिस्त्री उठून पाणी आणायला आत गेला.

मला वाटतं, त्यांना एक रात्र मुक्काम करायचाय आणि बोलायची चोरी आहे. बायकांना घाबरतात.

२९ सप्टेंबर

चार दिवस लिहिलं नाही. गुडघा सुजलाय. पायरी चुकली. जिन्यातला दिवा गेलाय, मी मागेच सांगितलं होतं.

३० सप्टेंबर

बायको म्हणते, जिन्यातला दिवा चालू आहे.

४ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

आज तिच्याशी वाजलं. वाजलं म्हणजे मी बोललो, ती ऐकत होती. कपाटातली सोय संपली होती, मी आणायला निघालो तर ती दारात उभी. म्हणाली, "अहो, सात दिवस. सहलीपर्यंत तरी." मी म्हटलं, सहलीच्या तयारीसाठीच निघालोय. मग मी बरंच काही म्हणालो, ते लिहीत नाही. शेवटी ती बाजूला झाली. बाजूला होताना तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. मला त्याचाच जास्त राग आला.

परत आलो तेव्हा ती खिडकीशी बसून माझ्या बनियनांना कडेला लाल दोऱ्याने खुणा घालत होती. एकेका बनियनला, टॉवेललाही. म्हटलं, "हे काय? मी जत्रेत हरवणार आहे का?" ती म्हणाली, "असू दे. अदलाबदल होते." आमच्या घरात पुरुष एकटा मी. अदलाबदल कोणाशी व्हायची? हल्ली तिचं लक्ष ठिकाणावर नसतं.

१० ऑक्टोबर, दुपारी

उद्या सहल. पत्रकाच्या चार प्रती स्वच्छ अक्षरात काढल्या. चौथीवर शाईचा डाग पडला, ती माझ्याकडे.

बायकोने पिशवी भरली. मी उघडून पाहिली. दोन स्वेटर, मोज्यांचे चार जोड, जादा चष्मा, दाढीचं सामान. मी तिला चिडवलं, "एका दिवसाच्या सहलीला एवढं? मला पाठवून देतेस की काय?" तिने पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडली, चिमणीचा एक फोटो आत टाकला आणि पुन्हा लावली. म्हणाली, "तिकडे गारवा असेल." फोटोने गारवा कसा कमी होतो ते मी विचारलं नाही.

एक मनातलं लिहितो. उद्या चांगला दिवस गेला, वेळेवर गेला, तर मुलीला फोन करून सांगणार आहे की बघ, बाबा अजून नीट आखू शकतात. मग कदाचित ती चिमणीला घेऊन येईल. या सगळ्यात मला एवढंच हवं आहे. वाइन काय, कुठेही मिळते.

१७ ऑक्टोबर

वही त्यांनी काढून घेतली नाही. पेन मात्र ऑफिसातून मागून आणावं लागतं. पहिले चार दिवस मागितलंच नाही. तेव्हा जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. खोलीत दोन पलंग, दोन कपाटं, खिडकीला जाळी. शेजारच्या पलंगावर एक शिंपी आहे. कपडे सगळ्यांचे एकत्र धुतात. माझे लाल दोऱ्याने ओळखू येतात.

त्या दिवसाचं लिहितो. आठ दहाला निघालो. फाट्यापाशी आठ त्रेचाळीस, दोन मिनिटं आधी. मी मागे बसून पत्रक मांडीवर घेतलं होतं. मिस्त्रीने उजवा इंडिकेटर दिला. म्हटलं, "अरे लेका, डावीकडे." इंडिकेटर तसाच टिकटिकत राहिला. मग त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं? गरम झाली का?"

मास्तर खिडकीबाहेर बघत होता. कंपाउंडर हळूच म्हणाला, "मिस्त्री, ठरलं होतं ना." मिस्त्री म्हणाला, "ठरलं होतं. मला जमत नाही."

तो मागे वळला. "डावीकडे तुझ्या वायनऱ्या. उजवीकडे एक केंद्र आहे, दारू सोडवायचं. तुझ्या नावाचा पलंग आहे तिथे. तुला न सांगता न्यायचं होतं. पण तुला फसवून नेलं तर उद्या तू माझ्याकडे कधी बघणार नाहीस. आता तू सांग. सांगशील तिकडे नेतो."

मी काय काय बोललो. मिस्त्रीच्या घरच्या गोष्टी काढल्या, मास्तरला त्याच्या मुलावरून बोललो. तिघांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ही अक्कल कोणाची? कंपाउंडर म्हणाला, "तुझ्या मुलीची. ती म्हणाली, बाबा कशालाच तयार होणार नाहीत, पण वेळापत्रक करायला सांगितलं तर येतील."

म्हणजे सहल तिचीच होती. तो फोनही. नक्की जाणार ना, बाबा.

मी म्हटलं, "डावीकडे. पत्रकाप्रमाणे." मिस्त्रीने इंडिकेटर बदलला.

राखीव मिनिटं फाट्यावर खर्चून नऊ वीसला पहिल्या वायनरीत पोहोचलो. वेळेवर. वेलांची पानं खरोखरच पिवळी झाली होती, काही तांबडी, ओळीच्या ओळी टेकडीपर्यंत. आत मोठी सिमेंटची खोली होती, लाकडी पिंपं होती. एक बाई पाइपने फरशी धूत होत्या. आम्हाला बघून त्यांनी पाणी बंद केलं. म्हणाल्या, "जपून या हं. फरशी ओली आहे."

मी थांबलो. माझ्या मागे तिघंही थांबले. मी मागे पाहिलं नाही, पण कोणी हललं नाही हे कळलं. टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं, वीस-बावीस पावलांवर. सकाळपासून मी काही घेतलेलं नव्हतं. चांगला दिवस जायला हवा होता ना. हात थरथरत होते, गुडघा दुखत होता, पायात जुने बूट. मी त्या ओल्या फरशीवरून चालत गेलो. पाण्यात बूट चपचप वाजत होते. टेबलापर्यंत पोहोचलो आणि खुर्ची ओढून बसलो. पाय घसरला नाही.

बाईंनी प्रत्येकासमोर चार-चार ग्लास मांडले, प्रत्येकात दोन-दोन घोट. रंग सांगितला, द्राक्ष सांगितलं. तिघांनी हात लावला नाही. मी माझे चार घेतले. पहिला दोन्ही हातांनी धरावा लागला. मग मास्तरचे घेतले. मग कंपाउंडरचे. मिस्त्रीने स्वतःचे स्वतःच माझ्यापुढे सरकवले, एकेक करून, आणि माझ्याकडे बघत राहिला. त्या भांड्यात मी काही थुंकलं नाही. बाई कधीतरी निघून गेल्या. एवढा अभ्यास केला होता, पण चव विचाराल तर एकाचीही आठवत नाही.

हे संपल्यावर उठलो. दारं उघडी होती, ऊन आत आलं होतं, फरशी वाळून पांढरी झाली होती. सहाव्या-सातव्या पावलाला पाय सटकला. मिस्त्रीने काखेत हात घालून धरलं, नाहीतर कपाळमोक्ष झाला असता. तसाच धरून तो उभा राहिला. आम्ही दोघांनी खाली पाहिलं. तिथे पाण्याचा थेंब नव्हता.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "उजवीकडे घे."

दुसरी आणि तिसरी फेरी रद्द.

२१ ऑक्टोबर

इथे वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. सहाला उठणं, साडेसहाला व्यायाम. राखीव मिनिटं कुठेच नाहीत. कोणीतरी नवशिक्याने केलंय.

बायको रविवारी येऊन गेली. तिने आल्या आल्या कॉलर सरळ केली. या वेळी राग आला नाही, रडू आलं. तिला सांगितलं, कपाटातली बाटली टाकून दे. ती म्हणाली, "कुठली? सहा होत्या."

२४ ऑक्टोबर

आज फोनची पाळी होती. ऑफिसात, कारकुनासमोर, दहा मिनिटं. मुलीला लावला.

तिने उचलला. मागे चिमणीचा आवाज येत होता, काहीतरी आपटत होती. मी काय काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. सहलीबद्दल होतं, मला फसवण्याबद्दल होतं, माफ केल्याचंही होतं, मीच तिला. तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हटलं, "त्या दिवशी फरशी कोरडी होती."

मग ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा. मी दारातच उभी होते."

पाच महिने. डॉक्टरीणबाईंसमोर ते वाक्य तिने माझ्यासाठी तयार केलं होतं, आणि मी ते घेऊन पाच महिने हिंडलो. रोज वापरून मला ते खरंच वाटायला लागलं होतं. पाच महिने ती वाट बघत असणार की बाबा कधीतरी ते परत करतील.

मी म्हटलं, "चिमणीला खूण राहिली का?"

"राहिली."

कारकुनाने घड्याळाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. ठेवला नाही. मग तिने विचारलं, "परत कधी येणार?"

एवढ्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी टेबलावर, भिंतीवर, कारकुनाच्या वहीत बघितलं, कुठे एखादी वेळ लिहिलेली सापडते का. एकतीस वर्षं मी हाच प्रश्न विचारणाऱ्या लोकांना उत्तर देत आलो. मी म्हटलं, "माहीत नाही गं." पत्रकाची ती डाग पडलेली प्रत अजून माझ्याकडे आहे. खोलीत आल्यावर काढली. परतीच्या रकान्यातले साडेसहा खोडले आणि तो रिकामा ठेवला.